पेटीतले पाय

त्या दुपारी गवत बांधायच्या दाबाच्या छपराखाली होतं ते एवढं: निम्मी जमिनीत पुरलेली सागवानी पेटी एक, तिच्या माथ्यावर दोन खांबांना धरून बसवलेली तुळई एक, तुळईतून खाली आलेलं लोखंडी मळसूत्र एक, ते फिरवायचा बाभळीचा दांडा एक, दांड्याच्या दोन टोकांना टेकून उभे असलेले भाऊ दोन. दाताळी दोन, तारेची वेटोळी तीन, एरंडेलाची वाटी एक, पाण्याचा माठ एक. माठाशेजारी तारा तोडत बसलेली आई एक. आणि पेटीच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती, तिच्यातून दिसणारे, गवतावर वरखाली होणारे पाय दोन. सुंदरा पेटीसमोरच्या उताराच्या तोंडाशी उभी होती. तिचे स्वतःचे दोन्ही पाय उतारावरच्या मातीत होते. तेव्हा पेटीतले पाय तिचे नव्हते.

एवढं कळायला लागायला हवा त्याहून थोडा जास्तच वेळ तिला लागला. या पेटीत आपल्यावाचून दुसऱ्या कोणाचे पाय गेलेले तिने कधी पाहिले नव्हते, आणि आपण पेटीत असतो तेव्हा आपले पाय बाहेरून कसे दिसतात हे आपल्याला कुठून दिसणार. त्यामुळे ते दृश्यच तिला नवं होतं. आधी दिसल्या टाचा. रुंद, चिखलात चालून पसरलेल्या, भातखाचराच्या टाचा. मग चांदीची जोडवी, कोरी, आणि एका जोडव्यात अडकलेली गवताची काडी. मग ते पाय थांबले, वरून हसणं ऐकू आलं, आणि तिला कळलं की ही जनी, राघोची बायको. लग्नाला अजून दोन महिने झाले नव्हते. आदल्या दिवशी सुंदराच्या टाचेत काटा मोडला होता. आईने बिब्ब्याचा चटका देऊन बजावलं होतं की उद्या घरी बसायचं. आपण घरी बसलो म्हणजे पेटी बंद राहील, असं सुंदराने न विचारता धरलं होतं. दुपारपर्यंत तिला घरात करमेना, म्हणून ती लंगडत वखारीत आली होती. पेटी बंद नव्हती.

काम तसं साधं होतं. दिवाळी झाली की शहापूर आणि मुरबाडकडच्या माळांवरचं गवत बैलगाड्यांनी आसनगाव स्टेशनाजवळच्या या वखारीत येई. त्याच्या गंज्या रचायच्या, मग गवत पेटीत घालून तुडवायचं, वर झाकण ठेवून मळसूत्र फिरवून दाबायचं, तारेने बांधायचं, आणि झालेली गासडी वॅगनीत चढवायची. पूर्वी सगळ्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांना जात. लढाई लागल्यापासून बऱ्याच देवळालीला लष्कराच्या खेचरांसाठी जाऊ लागल्या होत्या. पण साधं काम आतून साधं नसतं हे सुंदराच्या पायांना ठाऊक होतं. गवत पहिल्यांदा पायाखाली येतं तेव्हा ते पायाला उचलून धरतं. नुसती हवा असते. मग हवा निघून जाते आणि काड्या एकमेकींवर घासून कुरकुरतात. त्यानंतर ते गप्प होतं आणि हट्टाला पेटतं, कितीही नाचा, बोटभर खाली जात नाही. त्या हट्टाच्या वेळी नाचायचं नसतं, उभं राहायचं असतं, एका पायावरून दुसऱ्यावर हळूहळू वजन न्यायचं असतं, आणि मग ते आपणहून थोडं खाली बसतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तळव्यांना गवताचं तेल लागून लागून त्यांची कातडी पितळेसारखी झाली होती. रात्री अंथरुणावर पाय एकमेकांवर घासले की खसखस आवाज येई, आणि त्या आवाजाने तिला झोप लागे.

ते घाटावरचे. जुन्नरकडचे. खालचे लोक त्यांना घाटी म्हणत आणि ते स्वतःही आता स्वतःला घाटी म्हणत, शिवी म्हणून नव्हे, पत्ता म्हणून. बाप गेला त्या वर्षी पाऊस नव्हता. आई, सुंदरा, कुंडलिक आणि अंगावर खरूज असलेला लहानगा राघो असे नाणेघाट उतरून मुरबाडात आले, तिथून विचारत विचारत आसनगावला. घाट उतरताना सुंदरा सगळ्यांच्या मागे चालत होती. सासरहून ती त्याआधी वर्षभर परत आलेली होती. नवऱ्याने दुसरी आणली होती, आणि त्या दुसरीच्या हाताखाली भाकरी खायची नाही एवढंच ठरवून सुंदरा उठून आली होती. माहेरी तिला कोणी काही बोललं नव्हतं. पण दुष्काळात कोणाला बोलावं लागत नाही. टोपलीत भाकऱ्या किती आहेत ते दिसतं, माणसं किती आहेत ते दिसतं, आणि जिचं खाणं धरलेलं नव्हतं ती कोण हेही दिसतं. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजणापाशी बसून सगळ्यांनी खाल्लं तेव्हा तिने भूक नाही म्हणून सांगितलं होतं. मग इथे वखारीत पहिल्याच दिवशी हिशेब ठेवणारा नथू मेहता म्हणाला की पेटीत नाचायला हलकं पण न थकणारं माणूस पाहिजे. आईने कुंडलिककडे पाहिलं, कुंडलिकने राघोकडे, आणि सुंदरा जोडवी काढून आईच्या हातात देऊन पेटीत उतरली. जोडव्यांत गवत अडकतं म्हणून काढली, असं तिने सांगितलं. तेही खरंच होतं. त्या दिवसापासून तिने भाकरी घेताना टोपलीकडे पाहिलं नाही. हात घातला, भाकरी निघाली.

आता ती उतारावर उभी होती आणि आई तिला दुखरा पाय घेऊन आल्याबद्दल रागावत होती. रागावता रागावता हसतही होती, कारण पेटीतून जनीचं डोकं वर आलं होतं आणि डोक्यावर गवताचा मुकुट होता. मुरबाडच्या अंगाला काळू नदीच्या काठी जनीचं माहेर. लुगडं गुडघ्यावर नेसलेलं, आवाज खणखणीत, आणि हसली की सगळे दात दिसत. तिने सुंदराला पाहून लगेच हाक मारली, अक्का या, बघा कसं झालंय. मग दोघा भावांनी दांडा फिरवला, तारा ओढल्या, उताराच्या बाजूचं दार उघडलं, गासडी बाहेर आली आणि वजनाच्या काट्यावर गेली. नथू मेहत्याने वजनं ठेवली. दोनशे चौदा रतल. सुंदराची नेहमीची गासडी दोनशे सहापर्यंत जाई. राघोने बायकोकडे असं पाहिलं की कुंडलिकने त्याच्या टोपीवर टपली मारली. आई म्हणाली, खाचरातलं पाणी पिऊन पोरीचे पाय बघा कसे मुसळासारखे झालेत. सगळे हसले. सुंदराही हसली. हसणं तोंडावर आलं आणि थोड्या वेळाने निघून गेलं, तोवर आत दुसरंच काही चाललं होतं. टाचेतला काटा जिथे होता तिथे आता काटा नव्हता, पण जागा ठणकत होती. तसंच.

तो मत्सर आहे हे तिने लगेच ओळखलं. सवत आली तेव्हा तो तिला झाला नव्हता, याचं तिला आता नवल वाटलं. तेव्हा राग आला होता, किळस आली होती. नवरा म्हणजे तिला हवीशी वस्तू नव्हती. पेटी मात्र होती.

त्याच संध्याकाळी मेहत्याने सगळ्या दाबांवर फिरून सांगितलं की देवळालीहून माणूस येणार आहे. त्यांना वॅगनी कमी मिळतात, म्हणून त्याच मापाच्या पेटीत जास्त गवत हवंय. सव्वादोनशे रतलांची गासडी जो दाब समोर बांधून देईल तो लष्कराच्या कामावर राहील. बाकीच्यांनी होळीनंतर आपलं बघावं. कुंडलिकने रात्री जेवताना हे दोनदा सांगितलं, जणू कोणी ऐकलं नव्हतं. त्याची बायको आणि दोन मुलं वर गावी होती, बापाच्या कोरड्या जमिनीच्या तुकड्यापाशी, आणि इथून पैसे गेले नाहीत तर तिथली चूल पेटत नव्हती. मग तो भात कालवत म्हणाला की सध्या वैनीलाच पेटीत ठेवू. अक्काचा पाय बरा होईपर्यंत. वैनी नव्हे, जनी त्याच्यापेक्षा लहान, त्याची भावजय. पण गडबडीत त्याच्या तोंडून वैनी गेलं आणि जनीला इतकं हसू आलं की तिला ठसका लागला. आईने तिच्या पाठीत धपाटे घातले आणि राघोने पाणी आणलं. सुंदराने ते सगळं पाहिलं. आधी घरात जेवताना एवढा आवाज नसे. हे तिला आवडत होतं, हेच वाईट होतं.

पाय बरा झाला. पेटीत परत जायचं कोणी काढलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. ती दाताळं घेऊन गंजीवरून गवत ओढून पेटीच्या तोंडाशी आणू लागली. बाहेरून दाब पाहण्याची तिची ही पहिलीच वेळ. इतकी वर्षं ती आत तरी असायची, नाहीतर तुडवून झालं की खांबाला धरून वर चढून तुळईवर बसायची आणि भाऊ दांडा फिरवत असताना तिथून पेटीच्या कडांतून बाहेर येणाऱ्या काड्या काठीने आत सारायची. तिथून भावांची फक्त डोकी दिसत. आता तिला ते पूर्ण दिसू लागले, आणि तिला जे दिसलं ते दुसऱ्या कोणाला दिसत नव्हतं.

दोनशे चौदाच्या वर जायला जनीने पेटीत जास्त गवत घातलं. तुडवलंही. तिच्या पायांत जोर होता यात शंकाच नव्हती. पण झाकण ठेवून दांडा फिरवू लागलं की झाकण खुणेपर्यंत येईना. पेटीच्या आत लोखंडाची एक पट्टी ठोकलेली होती, तिच्याखाली झाकण गेल्याशिवाय तारा बांधता येत नसत. झाकण पट्टीच्या चार बोटं वर येऊन अडे. दोघे भाऊ छातीने दांडा रेटत, मानेच्या शिरा फुगत, मळसूत्र किंचाळे, आणि झाकण तिथेच. मग ते मागे फिरवायचं, गवत काढायचं, पुन्हा. राघो म्हणाला मळसूत्राला एरंडेल कमी पडतंय. एरंडेल घातलं. कुंडलिक म्हणाला दांडा वाकलाय. दांडा बदलला. आई म्हणाली खालच्या गवतात ओल आहे. उन्हात पसरलं. गासडी दोनशे अठरापर्यंत आली आणि तिथे थांबली.

सुंदरा दाताळ्यावर हनुवटी टेकवून त्यांच्या पायांकडे पाहत होती. दांड्याच्या दोन टोकांना दोन माणसं असतात, त्यांनी एकाच वेळी रेटलं तरच त्यांचा जोर एक होतो. कुंडलिकचा पाय आधी पडत होता, राघोचा पाव पावलाने मागे. एक रेटे तेव्हा दुसरा श्वास घेई. दांडा फिरत होता, पण गचके देत, खडकाळ वाटेवरच्या गाडीसारखा. पूर्वी तसा फिरत नसे. पूर्वी ती गात असे.

ती गात असे हे तिला स्वतःलाही नीट आठवेना, कारण ते कोणी ऐकत नव्हतं. दळताना बाई गाते तसं. पेटीत नाचताना सुरू व्हायचं आणि तुळईवर बसल्यावर चालू राहायचं. घाट उतरताना मनात जुळलेल्या, नंतर वाढत गेलेल्या काही ओव्या. शब्द असे काही विशेष नव्हते:

घाट उतरले बाई, मागं राहिलं शिवार
पुढं गवताचा डोंगर, डोंगरावर माझं घर

त्यातलं शेवटचं ‘घर’ ती लांबवायची. घऽऽर. वरच्या बायका जात्यावर ओवी संपवताना लांबवतात तेवढं, एक श्वास पुरेल इतकं. त्या लांबलेल्या स्वरात भाऊ हात बदलत, छाती भरून घेत, आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर दोघांचा पाय एकदम पडे. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. राघो तर लहानपणापासून त्यावरच चालायला शिकला होता. आज त्याला कोणी विचारलं असतं की तू दांडा कशावर फिरवतोस, तर तो म्हणाला असता, हातांनी.

जनीही गात असे. पण तिची गाणी भातलावणीची. वाकून, पटपट, एक रोप एक शब्द, ओळ संपली की लगेच दुसरी, श्वासाला जागाच नाही. त्या गाण्यावर भाऊ अडखळत. एकदा राघो इतका घाईने पुढे गेला की दांडा फिरून कुंडलिकच्या कमरेत बसला, आणि कुंडलिक म्हणाला की तुझ्या बायकोच्या गाण्यात मला पेरा, कापणी, उफणणी सगळं एका दमात करावं लागतंय. तेव्हा कुंडलिकने स्वतः गाऊन पाहिलं. शेजारच्या दाबावरची माणसं काम टाकून बघायला आली. आई म्हणाली की बैल असता तर जू टाकून पळाला असता.

सुंदराला सगळं कळलं आणि ती गप्प राहिली. तो काळ, पाच-सहा दिवसांचा असेल, तिच्या आयुष्यातल्या सुखाच्या काळांपैकी एक होता. तिच्यापाशी एक गोष्ट होती जी कोणापाशी नव्हती. ती तोंडात धरून ठेवायची, आवळ्यासारखी. गवत ओढताना ऊन पाठीवर पडायचं, माहुलीच्या डोंगराचे सुळके सकाळी निळे असायचे आणि दुपारी राखाडी व्हायचे, सायडिंगला वॅगनींचे आकडे एकमेकांत अडकल्याचा आवाज यायचा, आणि ती ओठ मिटून असायची. झाकण अडलं की छातीत काहीतरी उघडायचं. मग कुंडलिकच्या मानेवरचा घाम दिसायचा, जुन्नरच्या बाजूला यंदा पाऊस झाला नाही असं त्याने मेहत्याकडून ऐकलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं, आणि तेच उघडलेलं काहीतरी बंद व्हायचं. उघडायचं, बंद व्हायचं. ती स्वतःला विचारी: मी गायले तर झाकण बसेल. झाकण बसलं तर जनी पेटीत कायमची. नाही गायले तर होळीनंतर दाब नाही, मग पेटी कोणाचीच नाही. हिशेब इतका सोपा होता की त्याचं उत्तर लहान मूलही देईल. पण उत्तर माहीत असणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये काय असतं, हे तिला कळेना. ती तिथे जाऊन थांबे, अंधारात उंबरठा पायाने चाचपावा तशी.

म्हाताऱ्या आईने ठरवलं की दाबाला दृष्ट लागली. एवढी जड गासडी पहिल्याच दिवशी निघाली, शेजारच्यांचे डोळे काय कमी आहेत. तिने मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या आणि भर दुपारी दाबाभोवती फिरून मळसूत्रावरून, दांड्यावरून, पेटीवरून उतरवल्या. कुंडलिक टोपी काढून उभा राहिला. मग तिने जनीला समोर बसवून तिच्यावरून उतरवलं. जनीला हसू दाबता येत नव्हतं, खांदे हलत होते. म्हातारी मिरच्या निखाऱ्यावर टाकायला वळली तशी जनी म्हणाली:

“आत्याबाय, अक्काची पण काढा. अक्काना बारा वर्सं पेटी भरली, लागली तर तिनाच लागल, मना कशाला?”

म्हातारी थबकली. तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि ती ओशाळली. “ये गं सुंदे,” ती म्हणाली. सुंदरा दाताळं खाली ठेवून आईपुढे बसली. आईची मूठ तिच्या कपाळावरून, खांद्यांवरून, गुडघ्यांवरून खाली पायांपर्यंत गेली आणि पायांपाशी जरा जास्तच वेळ फिरली. आईच्या हाताला मोहरीचा वास होता. लहानपणी ताप आला की असाच वास यायचा. मिरच्या निखाऱ्यावर पडल्या. त्यांचा झणझणीत वास, खाट, सुटला नाही, म्हणजे दृष्ट होती असं ठरलं, मग वारा फिरला आणि सगळ्यांनाच इतका खोकला आला की हसणं आणि खोकणं वेगळं करता येईना. कुंडलिक डोळे पुसत म्हणाला, आता दृष्ट काय, खुद्द मेहताही पळाला असेल. त्या गर्दीत सुंदराच्या दंडाला जनीचा हात होता. नेहमीचा, सहज, खाचरात घसरू नये म्हणून शेजारणीला धरावं तसा.

देवळालीचा माणूस आला तो बुधवारचा दिवस. खाकी अर्धी विजार, हातात छोटी छडी, मराठी बरीच येत होती. त्याने दोन दाब पाहिले. एकाची गासडी दोनशे नऊ भरली, दुसऱ्याची तार तुटली. तिसरा दाब त्यांचा. मेहता पुढे येऊन कुंडलिकच्या कानात पुन्हा सव्वादोनशे म्हणाला आणि कुंडलिकने मान हलवली. जनी पेटीत उतरण्याआधी उतारावर सुंदरापाशी आली, खाली बसली आणि पायातली जोडवी काढू लागली. इतके दिवस ती जोडवी घालूनच नाचत होती. नव्या नवरीने काढायची नाहीत असं म्हातारीने बजावलं होतं. जोडवी घट्ट होती, तिने थुंकी लावून ती फिरवून काढली आणि सुंदराच्या तळहातावर ठेवली. ती गरम होती.

“गवत अडकतं,” जनी म्हणाली. मग आवाज खाली आणून, “अक्का, तुमी गायलात का भाऊ एका पावलावर येतात. मना पयल्या दिसापासून ठाव हाय. लग्नाच्या आदी तुमाना बघाया आलो तवाच मी ऐकलं होतं. पन मी कोनाला सांगितलं नाय. यांनापन नाय.”

“का नाय सांगितलं?” सुंदराने विचारलं. तिच्या तोंडून जनीचंच ‘नाय’ आलं हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

जनीने पायाच्या बोटांत अडकलेली गवताची काडी काढून टाकली. “तुमचं गानं हाय,” ती म्हणाली. “मी कशी सांगू?” आणि उठून, लुगड्याचा काचा घट्ट करून, पेटीत उतरली.

सुंदराच्या मुठीत जोडवी होती. तिला आठवलं नाही की कोणाकडे बघून तिने ठरवलं, किंवा ठरवलंच का. इतके दिवस ज्या उंबरठ्यापाशी ती थांबत होती तो पायाला लागलाच नाही. म्हणजे हिला माहीत होतं. जी गोष्ट एकटीची म्हणून मी तोंडात धरली होती ती दोघींची होती, आणि हिने माझ्यापेक्षा जास्त घट्ट धरली. नवऱ्यासमोर, सासूसमोर, झाकण अडल्यावर सगळ्यांची नजर हिच्यावर जात होती तेव्हाही. सुंदराला एकदम खूप हसू आलं. स्वतःचं, गवताचं, मिरच्यांचं, बैल पळाला असता त्याचं. तिने जोडवी पदराच्या टोकाला बांधली, पदर कमरेला खोचला आणि दाताळं आईकडे दिलं. आईने विचारलं कुठे. ती म्हणाली, वर.

जनी तुडवत होती. तिने पेटी पूर्वी कधी भरली नव्हती इतकी भरली. हट्टाची वेळ आली तेव्हा ती अजून नाचतच होती, म्हणून सुंदराने खांबावर चढता चढता तिला सांगितलं की नाचू नको, उभी राहा, एका पायावरून दुसऱ्यावर जा, हळू, त्याला बसू दे. जनीने तसं केलं आणि तिचे डोळे मोठे झाले. गवत तिच्यासकट खाली गेलं होतं. मग ती बाहेर आली, झाकण ठेवलं गेलं. भाऊ दांड्याला लागले. सुंदरा तुळईवर बसली. खालून सगळे वर पाहत होते, आणि तो खाकीवालाही. त्याने मेहत्याला विचारलं की ही बाई तिथे काय करते. मेहता वजनं लावू लागला.

पहिली ओळ फाटकी आली. कुंडलिकने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते सुंदराने वरून नीट पाहिलं. त्याला काही कळलं नाही, फक्त त्याचा डावा पाय थांबला, राघोचा पाय येईपर्यंत. मग ‘घर’. तिने ते लांबवलं. दोन डोकी एकदम मागे झाली, दोन छात्या एकदम भरल्या. पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर दांडा फिरला, गचका न देता, आणि तिच्या खालच्या तुळईतून एक खोल, लांब कंप आला जो तिच्या मांड्यांना ओळखीचा होता. इतके दिवस आपण याच्यासाठीच उपाशी होतो हे तिला कळलं. दुसऱ्या ओवीला खालून दुसरा आवाज आला. जनी पेटीच्या कडेने काड्या आत सारत गात होती, खणखणीत, शेवटी ‘घर’पाशी आली की नेहमीप्रमाणे लगेच तोडत. सुंदराने वरून ओरडून सांगितलं:

“ओढ त्याला, बये! घर असं तोडत असतात का?”

“आमच्याकडं घर लहानच असतं, अक्का,” जनी खालून म्हणाली, आणि पुढच्या वेळी तिने ते इतकं ओढलं की राघोला हसू फुटलं. पण त्याचा पाय चुकला नाही. आता दोघी गात होत्या, एक वरून, एक खालून, एकीचे शब्द वरचे, दुसरीने त्यांत आपले घुसडलेले. शिवाराऐवजी खाचर, डोंगराऐवजी गंजी, आणि एका ओवीत तर खाकी विजारही आली. ती ओवी ऐकून म्हातारीने तोंडाला पदर लावला. झाकण पट्टीपाशी आलं, जरा थांबलं. “अक्का, थांबू नको,” कुंडलिक म्हणाला. दांड्यावरून त्याने तोंड उचललं नव्हतं. सुंदरा थांबली नाही. झाकण पट्टीच्या खाली गेलं, पट्टी पूर्ण दिसली, आणि म्हातारीने तारा ओवल्या.

दार उघडलं. गासडी चौघांनी मिळून उतारावर ओढली. तिच्या कडा करवतीने कापल्यासारख्या होत्या आणि वास ताज्या कापलेल्या माळाचा. सुंदरा खांबावरून उतरत असतानाच जनीने तिला कमरेला धरून खाली घेतलं, जसं लहान पोर झाडावरून उतरवून घ्यावं, आणि खाली ठेवल्यावरही सोडलं नाही. दोघींच्या लुगड्यांना सारखंच गवत होतं. देवळालीचा माणूस छडी बगलेत धरून काट्यापाशी उभा राहिला. नथू मेहत्याने एका पारड्यात गासडी चढवली, दुसऱ्यात मोठी वजनं ठेवली, मग मधली, मग एक लहान, ते काढून दुसरं लहान. काट्याची दांडी वर गेली, खाली आली, आणि सरळ राहिली.

दोनशे एकतीस रतल.